दारावरची फुली

६ जानेवारी, सकाळी ११
आजपासून सगळं लिहून ठेवणार. उद्या कोर्टात उपयोगी पडेल. भटवाडीतली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार आहे आणि मी चाळीचा सेक्रेटरी. डोळे उघडे ठेवणं माझं काम.

आज आरोग्य केंद्रातून कल्पिता नावाची बाई आली. टीबीचा सर्व्हे म्हणे. घरात माणसं किती, दोन आठवड्यांच्या वर खोकला कुणाला, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का. घरोघर माणसं मोजायचा सोस बिल्डरला असतो, हे मला कळत नाही असं तिला वाटलं असणार. पाच माणसं सांगितली: मी, बायको रत्नप्रभा, मुलगा सुबोध, सून श्वेता आणि चार वर्षांची नात रेवती. खोकला कुणालाच नाही. नेमका तेव्हाच मला खोकला आला. फोडणीचा ठसका, म्हटलं. रत्नप्रभा चहा करत होती, पण ते तिला कशाला सांगा.

तिने थुंकी तपासायला प्लास्टिकची डबी ठेवली आणि दारावर खडूने फुली काढून गेली.

त्याच दिवशी, दुपारी
चाळभर फिरून आलो. बाकीच्या दारांवर बरोबरची खूण. फुल्या फक्त चार. अर्थ उघड आहे. बरोबर म्हणजे पात्र, फुली म्हणजे अपात्र. नव्या बिल्डिंगीत घर नाही.

७ जानेवारी
फुली पुसली. रेवतीच्या खडूने बरोबर काढली. कल्पितापेक्षा ठसठशीत आली. सेक्रेटरी या नात्याने उरलेल्या तीन दारांचंही काम उरकलं. शेजारचा दत्ताराम दात घासत बघत होता. म्हणाला, “फुली पुसून रोग जाता काय रे मेल्या?”

आमच्या गावचाच आहे, पण दूरदृष्टी नाही. डबी चांगली होती, त्यात लवंगा भरल्या.

१५ जानेवारी
टीम पुन्हा आली, दारं बघत बघत गेली. एकाही घरात शिरली नाही. यश.

तरी एक कळत नाही. पेपरात आलंय, जगाने टीबी संपवायला २०३० साल धरलंय आणि आपल्या सरकारने २०२५. आमच्या गटाराचं काम पाच वर्षं मागे आणि आमचा खोकला पाच वर्षं आधी? कुणाचा तरी इंटरेस्ट आहे.

२ फेब्रुवारी
पट्ट्याला नवं भोक पाडलं. चार किलो उतरले, तेही डाएट न करता. रोज टेकडी चढतो त्याचा परिणाम. थांबत थांबत चढतो, घाई कशाला. संध्याकाळी अंग गरम लागतं ती चरबी जळते.

श्वेता म्हणाली डॉक्टरला दाखवा. रत्नप्रभानेही तोच सूर लावला. दोघींना कोण शिकवतंय ते शोधतोय.

१० फेब्रुवारी
मधली भिंत पातळ. दत्ताराम माझा खोकला मोजतो, त्याने स्वतः सांगितलं. पात्र लोकांची यादी लागेपर्यंत नवा नियम: खोकायचं ते फक्त कुकरच्या शिट्टीबरोबर. मांडीवर रेवती, समोर कार्टून, आतून शिट्टी. कुणाला पत्ता नाही. आज मात्र रत्नप्रभाने पाच शिट्ट्यांची डाळ तीन शिट्ट्यांत उतरवली. फार हाल झाले.

२४ मार्च, संध्याकाळी
जागतिक क्षयरोग दिन. केंद्रात कार्यक्रम. आमच्या चाळीत सगळी घरं तपासून झाली आणि एकही रुग्ण नाही, म्हणून प्रमाणपत्र. ते मी स्वीकारलं. भाषण दोन वाक्यांत आटोपलं, कारण हॉलमध्ये कुकर नव्हता. नंतर कल्पिताने गाठलं. तिच्या वहीत चार घरं तपासायची बाकी दिसतात आणि दारांवर बाकीची फुली एकही नाही, असं कसं? वही चुकली असेल, म्हटलं. चाळीचं यश तिला बघवत नाही.

४ एप्रिल
रेवतीला दहा दिवस ताप. शाळेतून आणला असणार. शाळांवर कुणाचं लक्ष नसतं. सुबोध तिला हॉस्पिटलात नेतो म्हणाला. मी नको म्हटलं, कुठल्या यादीत नाव जाईल सांगता येत नाही. त्याने ऐकलं नाही.

९ एप्रिल
रेवतीला टीबी आहे.

रिपोर्ट दोनदा वाचला. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. लॅबवाल्यांची चूक असेल असं लिहिणार होतो.

१० एप्रिल, सकाळी
कल्पिता आली. म्हणाली, औषधं पूर्ण घेतली की पोर बरी होईल. मग म्हणाली, एवढ्या लहान मुलाला हे बहुतेक जवळच्या मोठ्या माणसाकडूनच लागतं. घरात खोकतं कोण?

रेवती बाहुलीचे केस विंचरत होती.

“आजोबा,” ती म्हणाली. “पण फक्त कुकर वाजला की.”

मी फोडणीबद्दल काहीतरी सांगणार होतो. रत्नप्रभाने आत जाऊन गॅस बंद केला. शिट्टी झाली नाही, तरी खोकला आला. बराच वेळ आला.

११ एप्रिल
कल्पिताला नवी डबी भरून दिली. त्या तीन दारांचे नंबरही सांगितले. पुसल्याचं सांगताना तिच्याकडे बघवलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त वहीत लिहून घेतलं.

जाताना तिने माझी बरोबर पुसली आणि पुन्हा फुली काढली. तिचा खडू संपला होता. रेवतीचा मीच आणून दिला.