‘मार्गे आर्णी’ पुण्याला गेलं त्याची हकीकत

महागाव,
१९ एप्रिल

आदरणीय निजामभाई यांना धर्मपालचा सलाम आणि जय भीम.

पत्राला उशीर झाला. एक तर जयंतीची गडबड होती, आणि त्याआधी जे घडलं ते सांगायला तोंड नव्हतं. तुमचा गुडघा कसा आहे? (क्लच दाबून दाबून गेलेला गुडघा तेलानं परत येत नाही, हे मी तुम्हाला डेपोत असल्यापासून सांगतो आहे.) जैबुनभाभींच्या डोळ्याची पट्टी निघाल्याचं कळलं. फार बरं झालं. आता त्यांना कपाटावरचा बर्फीचा डबाही दिसत असेल, तेव्हा तुम्ही सांभाळून असा. ही चौकशी फोनवर करता आली असती, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं भाभी ऐकून ढाणकीभर सांगतात. ही गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला कळायला नको. तशी ती पुण्यातल्या साठ-सत्तर लोकांना कळलेली आहे, पण ते काही ढाणकीला येत नाहीत.

माझं नाटक तुम्हाला आठवत असेलच. ‘मार्गे आर्णी’, अंक तीन, पात्रं बावीस. उमरखेड डेपोची यवतमाळ गाडी आर्णीच्या अलीकडे बंद पडते आणि आतले लोक ती सुरू होईतोवर एकमेकांची उणीदुणी काढतात, असा विषय. अकरा वर्षं तुम्ही गाडी चालवली आणि मी मागून घंटी दिली, त्या अकरा वर्षांचा अर्क रिटायर झाल्यावर मी चार वह्यांत उतरवला. तुम्हाला तो वाचूनही दाखवला होता. (दुसऱ्या अंकात तुमचे डोळे मिटले होते. तुम्ही विचार करत होतात असं मी आजवर धरून चाललो आहे.)

तर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरत आली. पुण्यात ‘नवदालन रंगसमूह’ म्हणून एक नाट्यसंस्था आहे. मराठी रंगभूमीला नवे नाटककार मिळत नाहीत, म्हणून ती स्वतः त्यांना शोधायला निघाली होती आणि यंदा शोधायचा जिल्हा यवतमाळ ठरला होता. सापडलेल्या नाटककाराला ते घडवणार आणि शेवटी त्याचं नाटक बसवणार. मी म्हटलं, आपण सापडायला तयारच बसलो आहोत, यांनी फक्त यावं. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नाटककाराचं वय पस्तिसाच्या आत पाहिजे. माझं एकसष्ट. आता मला सांगा, लिहायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झालेली, माझ्याइतका नवा नाटककार अख्ख्या जिल्ह्यात कोण?

आमची सून रुपाली, संघदीपची बायको, तहसीलसमोर सेतू केंद्र चालवते हे तुम्हाला ठाऊक आहे. दाखले, उतारे, पेन्शन, लोकांचे सगळे ऑनलाइन अर्ज तिच्या हातून जातात. माझ्या वह्याही तिनंच टाइप करून दिल्या होत्या. तिचं वय एकोणतीस. मी तिला म्हटलं, अर्जावर तुझं नाव टाक, नाटक माझंच राहील. दिवसभर लोकांना खोटी माहिती भरू नका असं बजावणारी ती बाई, दोन दिवस नाहीच म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी जेवण सोडलं तेव्हा कबूल झाली. (दुपारी मी बसस्टँडवर भजी खात होतो. तिला ते माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं.) अर्जात ‘स्वतःविषयी दोनशे शब्द’ असा एक रकाना होता. तो मी सांगायला लागलो, तर म्हणाली की नाव माझं आहे तर एवढं तरी मलाच लिहू द्या. मी लिहू दिलं. दोनशे शब्दांत काय होतं?

जानेवारीत निवड झाल्याचा फोन आला. मी गल्लीत पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही, त्यामुळे शेजारचे लालसिंग राठोड रुपालीकडे बघून उगाच हसले. पुढे कळलं की एकूण एकशे नव्वद नाटकं आली होती. एवढी वाचणं कोणाच्यानं होणार, म्हणून समितीनं ते दोनशे शब्दच वाचून नाटककार निवडला. माझ्या चार वह्या निवड झाल्यावर उघडण्यात आल्या.

पहिलं शिबिर यवतमाळला, तीन दिवसांचं. संस्थेचे दिग्दर्शक राजकुमार सर डोळे मिटून बोलतात आणि उघडले की थांबतात. मार्गदर्शक म्हणून जिया मॅडम होत्या, वय सव्वीस. नाटककार कसे घडवावेत याचं शिक्षण त्या परदेशात घेऊन आल्या होत्या. स्वतः नाटक लिहिलेलं नाही, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. मी ‘सोबत आलेले सासरे’ म्हणून मागच्या खुर्चीवर. रुपालीला नाटकाबद्दल विचारलं तर तिनं काय सांगावं, म्हणून आम्ही खूण ठरवली होती: मी एकदा खोकलो तर ‘नाही’, दोनदा खोकलो तर ‘हो’. आपल्या घंटीसारखंच, एक म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. पण त्या हॉलचा एसी माझ्या थेट डोक्यावर होता. जिया मॅडमनी विचारलं, प्रवासी फार होतात, कमी करूया का? आणि नेमका मला खरा खोकला आला, दोनाच्या पटीत. पाच मिनिटांत बारा प्रवासी खाली उतरले. त्यात ती पुसदची म्हातारी होती, जिच्यासाठी मी अख्खी तिसरी वही लिहिली होती.

फेब्रुवारीत दहा दिवसांचं निवासी शिबिर झालं, पुण्याबाहेरच्या एका फार्महाउसवर. तिथं नाटक घडवायचं काम जोरात चाललं. रोज सकाळी चर्चा, दुपारी मी खोलीत बसून खर्डा बदलायचा, रुपालीनं टाइप करायचा. तिसऱ्या खर्ड्यात तुम्हाला काढलं, निजामभाई. ड्रायव्हर पुढे बघत असतो, त्याचा इतरांशी संवाद नाही, असं सरांचं म्हणणं पडलं. मी खूप खोकलो, पण उपयोग झाला नाही. पाचव्यात बस गेली, कारण बस सूचक असावी. सहाव्यात आर्णी गेली, कारण पुण्याच्या प्रेक्षकाला आर्णी कुठं आहे हे ठाऊक नसतं. (मला पुण्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी मी दहा दिवस तिथं राहिलोच की.) सातव्या खर्ड्यात एक माणूस रंगमंचावर नुसता उभा असतो आणि कुठंही जात नाही. सर म्हणाले, आता नाटक निघालं.

मधे एक दिवस असा आला की जिया मॅडम काळजीत पडल्या. यवतमाळचं नाटक आहे आणि यात शेतकऱ्याची आत्महत्या कशी नाही? सरांनीही डोळे उघडले. प्रेक्षक तेच शोधत येतील, म्हणाले. मला कार्यक्रम होण्याशी मतलब. मी मनात एक शेतकरी गाडीत बसवलासुद्धा आणि दोनदा खोकलो. रुपालीनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “आमच्याकडचे लोक बसमधी भांडतेत, हसतेत, डबे उघडून खातेत. तुमाले आमचा मेलेलाच मानूस कायले पायजे?”

सरांनी वहीत ‘संघर्ष’ असं लिहून त्याखाली रेघ मारली. जिया मॅडमचा चेहरा मात्र उतरला. त्या चांगल्या असाव्यात, कारण दुपारून त्यांनी रुपालीला एकटीला बोलावलं आणि तुझ्या खिडकीत बसून तू जे रोज पाहतेस त्यातलं एक काहीही लिही, असं सांगितलं. मला चहाला पाठवलं. त्यानंतर तीन दिवस ती सारखी टाइप करत होती. सून किती मन लावून आपला सातवा खर्डा स्वच्छ करून राहिली, म्हणून मला तिचं कौतुक वाटत होतं.

मार्चात पुण्याच्या एका छोट्या सभागृहात जाहीर वाचन ठेवलं. मी नवा शर्ट शिवला होता. संस्थेच्या नटांनी कागद हातात घेतले आणि जाहीर झालं: नाटक ‘हयातीचा दाखला’, लेखिका रुपाली मुनेश्वर. मला वाटलं नाव बदललं असेल, आठव्या खर्ड्यात बदलायला तेवढंच उरलं होतं. पण पडदा उघडला तो सेतू केंद्रात. (पडदा नव्हता, मी आपलं सवयीनं लिहिलं.) एक रिटायर कंडक्टर पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला येतो. एकतीस वर्षं तिकिटं फाडून त्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि खिडकीमागची पोरगी त्याला परत रांगेत उभं करते.

निजामभाई, हे खरंच घडलं होतं. गेल्या नोव्हेंबरात तो कंडक्टर मीच होतो आणि खिडकीमागे माझीच सून होती. सासरा म्हणून पुढे घेतलं तर मागचे भांडतील, म्हणून तिनं मला रांगेतच ठेवलं. रांगेत उभा राहून मी जे जे बोललो, मशीनला, सरकारला, मागच्या माणसाला, ते सगळं तिनं जसंच्या तसं लिहिलं होतं. “मी जित्ता आहो, हे या मशीनले कोन सांगन?” हे माझं वाक्य पुण्याच्या नटानं म्हटलं आणि लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. माझ्या बावीस पात्रांना हे कधी जमलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात तो नट म्हणाला की तीन दिवस झाले मी येऊन राहिलो, आणि माझ्या तोंडून मागच्या रांगेतून निघून गेलं, “चार दिवस.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. रुपाली मात्र उठून उभी राहिली आणि तिनं भर सभागृहात खरं ते सगळं सांगून टाकलं: अर्ज कोणी करायला लावला, वह्या कोणाच्या, खोकला कसला. मी खुर्चीखाली चप्पल शोधू लागलो. राजकुमार सरांनी अर्धा मिनिट डोळे मिटले आणि मग जाहीर केलं की संस्थेनं एकाच अर्जातून दोन नाटककार शोधले, हे त्यांच्या प्रक्रियेचं यश आहे. फक्त दुसरा नाटककार वयात बसत नाही. साठीच्या पुढच्यांसाठी त्यांची वेगळी योजना आहे, त्यात माणसाला प्रेक्षक म्हणून घडवतात. मला तिथल्या तिथं फॉर्म दिला.

येताना पुण्याहून पुसदपर्यंत मी रुपालीशी बोललो नाही. घरीही चार दिवस बोललो नाही. ती चहा ठेवायची, मी तो थंड करून प्यायचो. संघदीप म्हणाला, बाबा, तुमचा राग कशाचा आहे ते तरी सांगा, तर मलाही नीट सांगता येईना. पाचव्या दिवशी तिला विचारलं की एवढं लिहीत होतीस तर मला एका शब्दानं काहून सांगितलं नाहीस?

“सांगतलं असतं तर मामाजी, तुमी दुरुस्त केलं असतं.”

मग मी तिचे कागद मागून घेतले आणि दुपारी एकटा बसून शेवटपर्यंत वाचले. त्या दिवशी सभागृहात शेवट माझ्या कानापर्यंत आलाच नव्हता. शेवटी मशीन काही मानत नाही. तेव्हा ती पोरगी एका कोऱ्या कागदावर हातानं लिहून देते की हा माणूस जिवंत आहे, मी याचं बोलणं रोज ऐकते. खाली सही करते. तो कागद कुठल्याच कचेरीत चालणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. म्हातारा तरी तो घडी करून खिशात ठेवतो. दोन वर्षं मी या घरात वह्या मोठ्यानं वाचत होतो आणि ऐकणारं कोणी नाही म्हणून कुढत होतो. चष्मा पुसायला मला थोडा वेळ लागला. (ऊन फार आहे सध्या.)

बाकी सर्व ठीक. भाभींना सलाम, चिरंजीव अब्रारला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धर्मपाल मुनेश्वर

ता. क. ‘हयातीचा दाखला’चा पहिला प्रयोग मे महिन्याच्या शेवटी यवतमाळला आहे. म्हाताऱ्याचं काम करणारा पुण्याचा नट ‘मले’ असं म्हणतो की कडू औषध घेतल्यासारखं वाटतं. म्हणून संस्थेनं मला भाषा सल्लागार नेमलं आहे, आणि मी कोणावर रागावलेलो आहे असं तुमच्या कानावर आलं असेल तर ते खोटं आहे. तुम्ही आणि भाभी नक्की या. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या धरून ठेवतो, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. नागपूरची एक संस्था आता नवे नाटककार शोधून राहिली आहे. वयाची अट तीच, पस्तीस. ‘मार्गे आर्णी’त मी बस, आर्णी, पुसदची म्हातारी आणि तुम्ही, सगळे परत बसवले आहेत. रुपालीनं नाव द्यायला साफ नकार दिला. तुमच्या अब्रारची बायको शमा सत्तावीस वर्षांची आहे ना? अर्जावर फक्त तिचं नाव पाहिजे, बाकी मी बघतो. शेवटची तारीख तीस आहे. भाभींना न सांगता विचारा.

ता. क. तिसरा. विचारल्यावर शमा जर म्हणाली की मी बी काही लिहून ठेवलं आहे, तर मग माझ्या वह्यांचं राहू द्या. तिचंच पाठवा. मी वाचणार नाही. फॉर्म रुपाली भरून देईल.