पंप कोणत्या इंजिनाचा?

४ फेब्रुवारी

चि. बाळ्या,
अ. उ. आ.

गेल्या रविवारपासून बाबांची गाडी बंद आहे. पेट्रोलचा पंप गेला, असं मेकॅनिक म्हणतो. तू कारखान्यात जन्मभर पंपच खोलतोस म्हणून तुला विचारते, कारण इथे मी पार चक्रावले आहे. गाडीच्या कागदांवरचं साल सांगून पहिला पंप आणला. भोकं जुळली, पण इंजिनाच्या आत जाणारी दांडी आखूड निघाली. शिलाईच्या टेपने मीच मोजली, चांगली पाव इंच कमी. दुकानदाराने तो बदलून विजेवर चालणारा वायरवाला दिला, म्हणे कुठल्याही गाडीला चालतो. मेकॅनिक त्याला हात लावायला तयार नाही. तो पेट्रोल इतक्या जोराने ढकलेल की कार्बुरेटर भरून वाहील आणि तापल्या इंजिनावर सांडेल, म्हणतो. दोघं एकमेकांना अडाणी ठरवताहेत आणि मी पंप पिशवीत घालून मधल्या मध्ये फिरते आहे.

बाबांचा डावा डोळा तर कधीच गेला. आता उजव्यातला मोतीबिंदू पिकलाय. या महिन्यात ऑपरेशन झालं नाही तर तोही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि आपले तीर्थरूप म्हणतात, जाईन तर माझ्याच गाडीतून, चालव तू. टॅक्सीचं नाव काढलं की ताटावरून उठतात. तुझी पत्रं मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा चार शब्द समजुतीचे लिही. येतोस का, हे विचारणं मी सोडून दिलंय.

माया आहे म्हणतोस ना, मग ती उलट टपाली दिसू दे.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा, हट्ट सोडा. गाडी काय, आज ना उद्या सुरू होईल, डोळा परत मिळायचा नाही.

ताई, मेकॅनिकचं बरोबर आहे, वायरवाला परत कर. आणि कागदांवरच्या सालावर जाऊ नकोस. तेल बघायची सळई असते ना, तिच्या खाली इंजिनाच्या अंगावरच एक नंबर ठोकलेला आहे. तो फडक्याने पुसून उतरवून घे आणि दुकानात दाखव. का, ते विचारू नकोस. जुन्या गाड्यांचं असंच असतं. सुट्टी मिळत नाही, नाहीतर आलोच असतो.

रागावलीस तरी लोभात काटछाट करू नकोस.

तुझा,
बाळ्या

१३ फेब्रुवारी

चि. बाळ्या,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून बाबा हसले. नंबर कसला बघायचा, तो कागदावर आहे, इंजिन कंपनीतून आलं तसंच्या तसं आहे, त्याला परका हात लागलेला नाही, असं मला शंभराव्यांदा ऐकवलं. तरी मी त्यांच्या नकळत पुसून पाहिलं. अरे, तो नंबर कागदाशी जुळतच नाही! मेकॅनिक माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच कुणाची गाडी उचलून आणलीय. बाबांनी चोरीची गाडी घेतली होती का? की कागदच भलत्या गाडीचे आहेत? माझ्या डोक्याचा भुगा झालाय. बाबांना काही बोलले नाही.

ऑपरेशनला बावीस तारीख मिळाली आहे. तुला काही ठाऊक असेल तर आता लपवू नकोस, एवढी मोठ्या बहिणीची मर्जी राख.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी चोरीची नाही. चोर असलाच तर मी. मी एकोणीस वर्षांचा असताना बाबा दोन महिने कामासाठी बाहेरगावी होते, आठवतं? तू तेव्हा मावशीकडे शिवण शिकत होतीस. किल्ली माझ्याकडे होती. मित्रांना घेऊन मनसोक्त हिंडलो, तेल एकदाही बघितलं नाही. एका चढावर इंजिन खडखडलं आणि कायमचं बसलं. गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून एका ठोकलेल्या गाडीतलं इंजिन बसवून घेतलं. कंपनी तीच, पण मॉडेल चार वर्षांनी नवं. त्या मॉडेलचा पंप माग, निमूट बसेल.

बाबा परतले, चक्कर मारून आले आणि म्हणाले, विश्रांती मिळाल्यावर इंजिन बघ कसं खूश आहे. तेव्हाच सांगायचं, पण जीभ रेटली नाही. मग आल्यागेल्याला ते बॉनेट उघडून तेच कौतुक सांगायचे आणि मला साक्षीला उभं करायचे. मला ते सोसेना. म्हणून येणं कमी केलं, पुढे बंदच केलं. सुट्टीचं सगळं खोटं आहे, ताई. फार लाज वाटते.

जमलं तर पूर्वीइतकीच माया ठेव. आणि हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
बाळ्या

२४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून ताईच्या हातून लिहवतो आहे. तुझं पत्र पोस्टमनने माझ्याच हातात दिलं, म्हणून तिला ते नेहमीसारखं पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घ्यावं लागलं. चोर तूच, इथे आल्यावर अडखळली. मी पुढे वाच म्हणालो. वाचून दाखवू नकोस ही सूचना तू शेवटच्या ओळीत लिहिलीस. असलं डोकं घेऊन तू कारखान्यात कसा टिकलास, देव जाणे.

दोन दिवस मी गाडीकडे फिरकलो नाही. इतकी वर्षं बॉनेट उघडून मी लोकांना दाखवत होतो ते इंजिन कुणाचं? काही सुचेना. तिसऱ्या दिवशी ताईला म्हणालो, टॅक्सी सांग. इंजिनच माझं नाही तर हट्ट कशाच्या जोरावर धरायचा? बावीसला ऑपरेशन झालं. डॉक्टर समाधानी आहेत.

पण एक गोष्ट मला अजून उमगत नाही. तुझ्या परीक्षेवरून मी चारचौघांत तुला टाकून बोललो, म्हणून तू येत नाहीस, असं मी धरून चाललो होतो. ते शब्द मी किती वेळा मनात उगाळले, तुला कल्पना नाही. आणि तू तिकडे एका इंजिनापायी तोंड लपवून बसलास. आपल्यातला जास्त वेडा कोण, हेही कळत नाही.

लांब दांडीचा पंप आलाय. मेकॅनिकला मी हात लावू दिलेला नाही, तो तू बसवायचास. मला राग आलाय, चांगला सणसणीत आलाय, आणि तो मी काढणार आहे. पण तुझं तोंड दिसलं की मला धड रागावता येत नाही. पट्टी तीन तारखेला सुटते. त्याच्या आत ये.

बाबा