बादलीवरचा फोटो

रविवार, २० नोव्हेंबर २०२२
आईला २१ जानेवारीला ऐंशी पूर्ण. घरच्यांची बैठक झाली. चारशे पाहुणे, चारशे प्लास्टिकच्या बादल्या, प्रत्येक बादलीवर आईचा फोटो. पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर सगळं इबादान शहर नाव ठेवेल. आईने सांगितलं की हाच फोटो पुढे ती गेल्यावर तिच्या शेवटच्या पोस्टरवर लागेल, ती दोनदा नटणार नाही.

मी जाहीर केलं, फोटो मी काढणार. थोरला मुलगा मी, कॅमेरा माझ्याकडे. सगळे एकदम गप्प झाले. आदर असतो तो.

निके तेवढी हसली. माझी मुलगी. वय चोवीस, नवऱ्यामुलींची तोंडं रंगवण्याचा धंदा, हातात तीन डोळ्यांचा फोन. म्हणाली, बाबा, मागच्या ईस्टरला तुम्ही फोटो काढलात त्यात आम्ही कुठे होतो? त्या फोटोचा विषय टेबल होता. तिला कसं कळणार.

संकल्प: साठ वर्षांत आईला माझं एकही काम पसंत पडलेलं नाही. हे पडणार.

मंगळवार, २२ नोव्हेंबर
लेन्स आली! ८५ मिलिमीटर, छिद्राचा आकडा एक पॉइंट दोन; आकडा जितका लहान तितका मऊपणा जास्त. मागचं सगळं लोण्यासारखं वितळवते, फक्त चेहरा उरतो. स्टुडिओवाल्या अदिगुनकडून घेतली. बदल्यात घरातला जनरेटर दिला. हल्ली वीज बरी असते, आणि त्या यंत्राचा आवाज मला कधीच आवडला नाही. हौसेला सामान लागतं. एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले, माझा एवढा हक्क आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
वीज गेली. निकेची आई जनरेटर लावायला मागच्या शेडमध्ये गेली आणि तशीच परत आली. मी सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. म्हणाली, काल तर चांगला चालत होता. मी म्हटलं, म्हणूनच. बिघडायच्या आधी दाखवावा. वरच्या मजल्यावरून आईने विचारलं, माझा पंखा कुणी मारला?

रविवार, २७ नोव्हेंबर
सराव. निकेच्या आईचा चर्चच्या कपड्यांतला फोटो. डावा डोळा असा काही आलाय की पापण्या मोजाव्यात. तिने पाहिला आणि विचारलं, उजवा डोळा कुठाय? मी म्हटलं, तो मागे आहे, मऊ झालाय. म्हणाली, मी काय भोपळा आहे का मऊ व्हायला? आणि हे नाकाच्या पुढे धुकं कसलं? ते नाकच होतं.

या घरात कलेला शत्रू फार. त्यातला सर्वांत जवळचा माझ्याच पलंगावर झोपतो.

रविवार, ११ डिसेंबर
आईची पहिली बैठक. तिने आधीच बजावलं होतं: समोर तोंड, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हात गुडघ्यांवर, दहाच्या दहा बोटं मोकळी, पाय जमिनीवर, मागे घर दोन्ही मजल्यांसकट, बाजूला पेजो गाडी. तिच्या पिढीचे लोक असेच बसतात, दगडासारखे. मी ऐकून घेतलं. मी कलावंत आहे, मुनीम नाही.

चेहरा काढला. फक्त चेहरा. आयुष्यातला सर्वोत्तम फोटो.

आईने चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. म्हणाली, अकिन, माझे पाय कुठे आहेत? मी म्हटलं, फोटोच्या बाहेर. म्हणाली, म्हणजे मी लंगडी झाले? लोक म्हणतील म्हातारीला शेवटी शेवटी पाय नव्हते. मग म्हणाली, आणि हे मागे काय पिवळं पिवळं? मी म्हटलं, आई, ते तुझं घर. त्यावर ती जे उठली! ग्बागी बाजारात तीस वर्षं वार मोजून मोजून कापड विकलं तेव्हा हे घर उभं राहिलं, आणि तू त्याची मक्याची पेज केलीस?

जाता जाता म्हणाली, तुझा बाप म्हणायचा, याला काम सांगावं आणि मग स्वतः करावं.

हे लागलं. लागलं म्हणून लिहून ठेवतो. दुपारचा अमाला, कंदाच्या पिठाचा तो गोळा, नाही खाल्ला. (चार वाजता खाल्ला. थंड झाला होता, मुद्दाम केला असणार.)

शनिवार, १७ डिसेंबर
निके म्हणाली, बाबा, आकडा अकरावर न्या ना, सगळं स्पष्ट येईल. घर, पाय, सगळं. हे मला माहीत नाही असं वाटतं तिला. अकरावरच काढायचं तर एक पॉइंट दोन कशाला आणली? जनरेटर काय उगाच दिला?

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं. सुदैवाने निकेची आई मिक्सरजवळ होती. दुर्दैवाने वीज नव्हती, मिक्सर बंद होता.

पुढचं लिहीत नाही.

रविवार, २५ डिसेंबर
ख्रिसमस. माझ्याशी कुणी बोलत नाही. आई बोलते, पण माझ्या दिशेने, माझ्याशी नाही. निकेने फोनवर सगळ्यांचे फोटो काढले, ते अर्ध्या गावात फिरले, लोकांनी वाहवा केली. अत्यंत सामान्य फोटो. सगळ्यांचे पाय होते.

तिचा चार्जर माझ्या मोज्यांच्या खणात आहे. तो तिथे कसा गेला हे मी सांगू शकत नाही.

सोमवार, २ जानेवारी २०२३
चार्जर परत दिला. तिच्याकडे दुसरा होता, मग अर्थ काय.

तह झाला. बादल्यावाल्याला शुक्रवारी दुपारी फोटो हवा. आईने मला एक संधी दिली, एकच. शुक्रवारी सकाळी, अंगणात. अटी त्याच: पाय, बोटं, घर, गाडी. मी मान्य केल्या. पाचवर काढेन. अकरा म्हणजे शरणागती.

गुरुवार, ५ जानेवारी
मंगळवारपासून वीज नाही. हवेत धूळ इतकी की पलीकडची गल्ली दिसत नाही. तरी रंगीत तालीम केली. अंगणात रिकामी खुर्ची मांडून तीनशे बारा फोटो. खुर्ची अप्रतिम आलीय. आईने पाहिली असती तर.

दोन्ही बॅटऱ्या लाल दाखवतायत. काळजीचं कारण नाही, हे दिवे उगाच घाबरवतात. पाण्याचे मीटरही तसेच असायचे.

शेजारच्या अलाबींकडे जनरेटर चालू आहे. त्यांनी आपण होऊन विचारलं तर बॅटऱ्या देईन.

शुक्रवार, ६ जानेवारी
सकाळी ८. आई खाली आली. अंगावर हातमागाचं निळं आसो-ओके, डोक्याला तसलाच कडक फेटा, गळ्यात पोवळी. तोंड निकेने रंगवलंय. कबूल करतो, बरं रंगवलंय. आई खुर्चीत बसली. दहा बोटं मोकळी. पाय जमिनीवर. मला एकदम लहान असल्यासारखं वाटलं.

८.१०. कॅमेरा सुरू झाला.

८.११. बंद झाला.

८.१२. दुसरी बॅटरी. सुरूच झाली नाही.

८.३०. अलाबींकडे गेलो. त्यांचं पेट्रोल पहाटे संपलं. लोक वेळेवर उपयोगी पडत नाहीत.

९.१५. न्हाव्याच्या दुकानात जनरेटर आहे. रांगेत सात फोन चार्जिंगला. मी सांगितलं, माझी आई बसलीय. न्हावी म्हणाला, बसू दे, तुमची दाढी करून देतो तोवर.

१०.२०. दाढी करून परत. बॅटरीत थोडा जीव. आई तशीच बसलेली, उन्हात. निके छत्री धरून. आई म्हणाली, अकिन, तू मला जिवंतपणीच वाळवून पोस्टर करणार का?

१०.२४. लेन्सचं झाकण हातातून निसटलं आणि गडगडत थेट पेजोखाली. नवीन लेन्सचं झाकण! गुडघे टेकले, मग कोपर टेकले, डोकं आत घातलं. हात पुरेना. मागून आईचं हसणं ऐकू आलं. कशाला हसत होती देव जाणे.

१०.३०. झाकण सापडलं. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. आई जिन्यावर. म्हणाली, झाला फोटो. निकेने काढला. एकच, फोनवर.

मी म्हटलं, फोनचा फोटो बादलीवर मोठा केला की फाटेल. निके म्हणाली, बघू.

शनिवार, १४ जानेवारी
तो फोटो मी पाहणार नाही. त्या शुक्रवारीच, बादल्यावाल्याला द्यायच्या आधी, निके दाखवायला आली होती, काहीतरी विचारायचंय म्हणाली. मी पाठ फिरवली. ती म्हणाली, हो, तेच विचारायचं होतं. उद्धट.

अदिगुनकडे गेलो, लेन्स परत घे म्हटलं. तो म्हणाला, काय झकास जनरेटर दिलात साहेब, हूं की चूं नाही करत. दारातूनच वाटेला लावलं. माझ्याच जनरेटरच्या पंख्याखाली बसला होता. त्याच्या दुकानाला माझा शाप आहे.

शनिवार, २१ जानेवारी
वाढदिवस. मंडपाच्या तोंडाशी बारा फुटी बॅनर.

घर, दोन्ही मजले. खिडकीच्या जाळीचा चौकोनन् चौकोन मोजता येतो. पेजो, नंबरासकट. आई, दोन पाय, दहा बोटं, दोन कान. आणि आईच्या खांद्यामागे, गाडीजवळ, तपकिरी पँटमधला एक इसम, डोकं गाडीखाली, बाकीचं सगळं आकाशाकडे. पँटची शिवण स्पष्ट. तिथे मी घरी घातलेला टाकाही स्पष्ट.

आमच्यात मुलगा आईसमोर जमिनीवर लोटांगण घालतो. पाहुण्यांतल्या एका म्हातारीने मोठ्यांदा विचारलं, हा कोण, आईकडे पाठ करून लोटांगण घालतोय? हजारदा सांगितलं असेल की झाकण शोधत होतो. चारशे बादल्या. चारशे घरी गेल्या.

निकेला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, तुला पुसून टाकता आलं नाही मला? ती म्हणाली, बाबा, एका बोटाचं काम होतं. तेच विचारायला आले होते, तुम्ही पाठ फिरवलीत. मग आजीला विचारलं. आजी म्हणाली, पहिला मुलगा आहे माझा, त्याला कापायचं नाही. शेवटच्या पोस्टरवरसुद्धा नाही.

सोमवार, २३ जानेवारी
वीज नाही. पंप नाही. आंघोळीचं पाणी खालून वर बादलीने. बादल्यावाल्याने चारशेवर जास्तीच्या दिलेल्या सहा घरात आहेत, सहाच्या सहा तसल्याच.

न्हाणीत बसून एक नीट पाहिली, पहिल्यांदाच. फोटोत आई हसतेय. ती फोटोत कधी हसत नाही, त्यांच्या पिढीत कुणी हसत नाही. माझ्याकडे तिचे अकराशे फोटो आहेत. सगळे मनातल्या मनात चाळले. एकातही नाही.

बाहेरून निकेच्या आईने विचारलं, पाणी गार होतंय, आत काय करताय?

म्हटलं, काही नाही. बादली बघतोय.