ड्राय बाल्कनीतली राजकन्या

माय,

आज पाच वाजेपर्यंत मला एका ड्रॅगनला एक राजकन्या ओळखायला लावायची आहे. साडेतीन झालेत. एरवी एवढ्या वेळात मी दोन भाग लिहून मोकळी होते. हे तुला ठाऊक नाही, कारण मी काय काम करते ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तू गेलीस तेव्हा मी टीव्हीच्या रोजच्या मालिकेचे संवाद लिहीत होते. त्याला अकरा वर्षं झाली. आता मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी लिहिते. रोज एक भाग, बारा-तेरा मिनिटांचा, शेवटी श्रोत्याचा श्वास अडकेल असं वाक्य. बायका पोळ्या लाटताना ऐकतात, रिक्षावाले स्टँडवर नंबराची वाट बघत ऐकतात. सध्या चालू आहे ती गोष्ट तुझी आहे. राजकन्या आपल्याच किल्ल्यात मोलकरीण होऊन भांडी घासते, शत्रूच्या सेनापतीचा तिच्यावर जीव जडतो, आणि तिनं लहानपणी आपल्या हातानं भरवलेले तीन ड्रॅगन चुलत्यानं तळघरात साखळदंडानं बांधून ठेवलेत. तू त्यांना उडते नाग म्हणायचीस. आमचा साहेब, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, नाग नको हां. नागांचा टीव्हीवाल्यांनी पार चोथा केलाय. ड्रॅगन टाका." मी ड्रॅगन टाकले. सेनापतीही त्यानंच घालायला लावला, "लव्ह ट्रॅक पाहिजेच" म्हणून. तुझ्या गोष्टीत पुरुष नव्हता.

वरच्या ऑफिसकडून इंग्रजीत सारांश आला, त्यात 'बॉन्डेड ड्रॅगन' असं होतं. आमच्यातल्या एका नव्या लेखिकेनं त्याचं मराठी 'वेठबिगार ड्रॅगन' केलं आणि सगळे पोट धरून हसले. मी ते खोडून 'लळा लागलेले' असं लिहून दिलं. मला मात्र तिचा शब्द चुकीचा वाटला नव्हता.

आपण तेव्हा घणसोली गावात राहत होतो, एका घराच्या मागच्या अंगाला काढलेल्या खोलीत. बाप गावाकडेच राहिला होता, तो आला नाही. माझी शाळा सकाळची. दुपारी खोलीत एकटी राहायला हरकत नव्हती, पण बाजूच्या खोलीतला माणूस मला लिमलेटच्या गोळ्या द्यायला लागला होता. एके दिवशी तू त्या गोळ्या माझ्या हातातून घेऊन गटारात टाकल्यास आणि दुसऱ्या दिवसापासून मला कामावर न्यायला लागलीस. काम म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवराबायको दोघं नोकरीला, त्यांची जुळी लेकरं सांभाळायची, एक मुलगा, एक मुलगी, माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान. त्या ताईंनी तुला ठेवताना विचारलं होतं, "तुमची मुलं?" आणि तू म्हणाली होतीस, "न्हाईत." पोरंबाळं असलेली बाई खाडे करते, म्हणून त्यांना नको होती. त्यामुळे सोसायटीच्या गेटात शिरताना तू मला दंडाला धरून सांगितलंस, "हितून आत मावशी म्हनायचं. माय म्हनलीस तर जीभ हासडून हातात दीन." वॉचमनला सांगितलंस, "भाची हाय." मी म्हटलं, "मावशी." मला ते पहिल्याच दिवशी जमलं. तुला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं बहुतेक, कारण लिफ्टमध्ये तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

स्वयंपाकघराला लागून कपडे धुण्याची चिंचोळी जागा होती, ताई तिला ड्राय बाल्कनी म्हणायच्या. वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीशी, मी बसेन एवढी फट. लेकरांची बस यायच्या आधी तू मला तिथं घालायचीस आणि दार ओढून घ्यायचीस. दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला जाळी होती. जाळीतून मला तुझे पाय दिसत, लेकरांचे चार पाय दिसत, आणि त्यांच्या तोंडात जाणाऱ्या घासांचे सांडलेले कण दिसत. "हा चिऊचा, हा काऊचा," तू म्हणायचीस. मला तू चिऊकाऊचा घास कधी भरवल्याचं आठवत नाही. माझा डबा मशीनवर ठेवलेला असे, झाकण आधीच उघडून, आवाज व्हायला नको म्हणून. मग तू स्वयंपाकघराच्या फरशीवर गादी घालायचीस, जाळीपासून हातभर अंतरावर, त्या दोघांना निजवायचीस आणि गोष्ट सांगायचीस. ताई एकदा सुट्टीच्या दिवशी घरी होत्या. मी त्या दिवशी आले नव्हते, पण तू संध्याकाळी त्यांची नक्कल करून दाखवलीस. "'काय हो मावशी, बेडरूममध्ये एसी असताना पोरांना रोज फरशीवर कशाला निजवता?' म्या म्हनलं, हितं गार लागतंय ताई." तू हसलीस. घरी तू हसायचीस ती ताईंची नक्कल करतानाच.

ती गोष्ट मी महिनोन्‌महिने ऐकली. धान्याच्या कणगीत लपवलेली राजकन्या, तिचे तीन उडते नाग, दोन तरणे आणि एक म्हातारी नागीण. राजकन्या मोठी होऊन परत येते. पहिला नाग तिच्या पायांचा वास घेतो आणि ओळखतो. दुसरा हाक ऐकून ओळखतो. म्हातारी नागीण काही केल्या डोळे उघडत नाही. तिथं आल्यावर तू थांबायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं मागून सुरू करायचीस. मी तिथं बसून, गुडघे पोटाशी घेऊन, मशीनच्या घरघरीतून तुझा आवाज वेगळा काढायला शिकले. आज मला लोक विचारतात की संवाद इतके कानाला कसे लागतात. मी सांगते, सवय.

आणि घरी? घरी मी म्हटलं, "माय, म्हातारीचं पुढं काय होतं?" तू पाठ फिरवलीस. "कुठली म्हातारी? दिसभर बोलून घसा गेला माजा. नीज गप." मी पुन्हा विचारलं तेव्हा पाठीत धपाटा बसला. दुसऱ्यांच्या लेकरांना घसा, मला धपाटा. हे गणित मी आठव्या वर्षी मांडलं आणि पुढं कितीतरी वर्षं तेच बरोबर धरलं.

मग तो दिवस. तू गोष्टीत नागिणीपाशी आली होतीस आणि त्या दिवशी थांबली नाहीस. "मंग म्हातारी म्हनाली," असं तू म्हणालीस आणि तेवढ्यात लॅच उघडल्याचा आवाज झाला. ताई लवकर आल्या होत्या. वाळत घातलेला टॉवेल काढायला त्यांनी सरळ ड्राय बाल्कनीचं दार उघडलं. मी उभी राहिले. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून मशीनला धरून.

"ही कोण?"

"शेजारची हाय, ताई."

"शेजारची? मग इथे काय करतेय?"

"तिची माय मेली. घरी कोन न्हाई. आजच्या दिस आनली."

वॉचमनसाठी भाची होते, ताईंसाठी शेजारची झाले; तुला एक क्षणही लागला नाही. ताईंचा चेहरा एकदम मवाळ झाला. "अरेरे. नाव काय बाळा तुझं?" मी तुझ्याकडे पाहिलं. नाव खरं सांगायचं की खोटं, हे आपलं ठरलं नव्हतं. तू लेकरांवरचं पांघरूण सारखं करत होतीस. ताईंनी आतून एक वही आणली, पुढची चार पानं फाडलेली, आणि रंगीत पेन्सिलींचा डबा. "आईची आठवण आली ना, की यात चित्र काढायचं." तू म्हणालीस, "थँक्यू म्हन ताईला." मी आई मेल्याबद्दल थँक्यू म्हटलं.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "मेली म्हनलीस."

"मंग काय म्हनू? पोरगी हाय म्हनू? उद्या दुसरी बाई मिळंल तिला. मला मिळंल का दुसरं काम?"

"पन मेली?"

"खोटं बोलल्यानं मानूस मरत न्हाई. चाल."

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीत आणि खोलीला बाहेरून कुलूप. गोष्ट तिथंच राहिली. वहीत मी चित्रं काढली नाहीत. म्हातारी काय म्हणाली असेल ते लिहिलं, वेगवेगळं, पानामागून पान. माझा धंदा तिथं सुरू झाला, असं एखाद्या मुलाखतीत सांगितलं तर छान दिसेल. सांगत नाही.

आता दुसरा एक दिवस, अकरा वर्षांपूर्वीचा, जो तुला माहीत आहे. सरकारी दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, तुझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी. मी आत आले आणि वॉर्डातल्या आयाबाईंना हाक मारली, "मावशी, जरा पाणी मिळेल का?" तुम्ही दोघींनी माना वळवल्या. तू वळवलेली मान परत सरळ केलीस, ते मी पाहिलं. मग सिस्टरनं रजिस्टर उघडलं. "तुम्ही कोण पेशंटच्या? नातेवाईक असाल तर थांबावं लागेल, डॉक्टर राउंडला येतील, सही लागेल." मला सहापर्यंत भाग पाठवायचा होता. मालिकेत त्या आठवड्यात लग्न होतं. मी म्हणाले, "शेजारची."

"यांचं कुणी नाही का?"

"मुलगी होती. मेली."

आवाज न चढवता म्हणाले, माय. मालिकेतल्या खलनायिकांना मी हेच शिकवते, ओरडलीस तर वार बोथट होतो. तू जागी होतीस. सिस्टर खाली वाकून मोठ्यानं म्हणाली, "आजी, ओळखता का यांना?" तू माझ्याकडे पाहिलंस. पुष्कळ वेळ पाहिलंस. मी तेव्हा वाट बघत होते, हे आज सांगते. एक शब्द बोलली असतीस तर मी पिशवी खाली ठेवली असती. तू म्हणालीस, "शेजारची हाय. गुनाची पोरगी हाय." आणि मला जाऊ दिलंस. भाग वेळेत पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेली होतीस. शेजारणीच्या ताब्यात देह देत नाहीत. कागदावर 'मृताशी नाते' या रकान्यात मी 'मुलगी' लिहिलं. आयाबाई बाजूलाच उभ्या होत्या. "काल तर म्हणालात, मुलगी मेली." मी सही पुरी केली आणि म्हणाले, "खोटं बोलल्याने माणूस मरत नाही." त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं पाहायचा त्यांना अधिकार होता.

स्मशानात त्रिसरण-पंचशील म्हणून झाल्यावर पांढरा कुर्ता घातलेली एक मुलगी माझ्यापाशी आली. रडून डोळे सुजलेले. "मावशींनी आम्हा जुळ्यांना सांभाळलं," ती म्हणाली तेव्हा कळलं, चौथ्या मजल्यावरची. माझ्यापेक्षा ती जास्त रडली होती आणि मला तिचा राग आला. "तुम्ही मावशींच्या कोण?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "ओळखीची." मग मला राहवलं नाही. तिच्याकडे असलेली, माझी असायला हवी होती ती एकच वस्तू मला हवी होती. "त्या तुम्हाला राजकन्येची गोष्ट सांगायच्या. म्हातारी नागीण शेवटी काय म्हणते?"

ती गोंधळली. "नागीण? नाही हो. कणगीत लपवलेली एक मुलगी असते, एवढंच आठवतं. आम्ही दोघं पाच मिनिटांत झोपायचो. सुट्टीच्या दिवशी आई बघायची आणि चिडवायची, मावशींची गोष्ट तुम्ही कधी अर्धीसुद्धा ऐकली नाही म्हणून."

मी बरं म्हणाले. गादी जाळीपासून हातभर अंतरावर का असायची, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. लेकरं झोपल्यावर पुढचा पाऊण तास तू कुणाला सांगत होतीस, हेही नाही.

साडेचार होऊन गेले. साहेबाचा मेसेज आलाय, "मॅडम, तिसऱ्या ड्रॅगनने मान झुकवलीच पाहिजे हां, फुल गूजबम्प्स." झुकवते. डोळे उघडेल, आसवं गाळेल, राजकन्या तिच्या मानेला मिठी मारेल, मागे सेनापती तलवार खाली ठेवेल. पोळ्या करपतील कुणाच्या तरी. जाळीकडे तोंड करून, झोपलेल्यांना गोष्ट सांगणारी बाई मी कुठल्याही भागात घातलेली नाही. साहेबानं ती पहिल्या मिनिटात उचलली असती. ती मी देणार नाही.

माझ्या मनाला याचं काय करावं ते कळत नाही. तू मला मेलेल्या आईची पोर केलंस ते खरं आहे, आणि जाळीपलीकडे बोलत राहिलीस तेही. एकानं दुसरं फिटत नाही. लोक म्हणतात, माय मरो, मावशी जगो. माझ्याबाबतीत तसंच झालं.

हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. वर 'माय' लिहिलंय ना, ते नंतर दुरुस्त केलेलं आहे. हात आधी 'मावशी'वरच गेला होता.