केवढा जनरेटर घ्यावा?

शंकर नगर, रायपूर
८ जून २०२५

ती. विनोदिनीताईस,
शेखरचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. वर्ध्याला ऊन उतरलं का? इथे नवतपाचे नऊ कडक दिवस संपले तरी उकाडा हटत नाही आणि भर दुपारी वीज हटकून जाते. कागदावरचं पत्र पाहून हसशील. पण फोन केला की आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून हा खटाटोप.

भाऊजींना एक विचार. आमचा जनरेटर लहान पडतो. घेताना मी शहाणपणा केला, सगळ्याचे वॅट जोडले आणि झालो मोकळा. एसी आणि फ्रिज सुरू होताना एकदम जास्त ओढतात, हे धरलंच नाही. हॉलमधला एसी, फ्रिज, दिवे आणि आईच्या खोलीतला कुलर, एवढं एका वेळी चालायला केवढा घ्यावा? भाऊजींची हयात वीज मंडळात गेली, पण घरचा फ्यूज उडाला की स्टुलावर तूच चढायचीस. तरी विचार.

आई म्हणाली असेल, वर्ध्याची आठवण आली म्हणून आले. तसं नाही गं.

आई निघाली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, नागपूरची मंडळी आपल्या अनुश्रीला बघायला आली होती. पोह्यांच्या बशा हातात दिल्या आणि वीज गेली. जनरेटर लावला, तर तो गुरगुरला आणि बंद पडला. काहीतरी कमी करायला हवं होतं. एसी बंद केला असता तर बाकी सगळं घर आरामात चाललं असतं. पण पाहुण्यांसमोर एसी कसा बंद करायचा? मी आईच्या खोलीत गेलो आणि तिचा कुलर बंद केला.

"आई, थोडा वेळ."

"हव बापा."

मी दार ओढून घेतलं. जनरेटर कसाबसा चालला. मुलाच्या आईने विचारलं, "आजी कुठं हायेत? पोरीले पाया तर पडू द्या." मी म्हटलं, "झोपली आहे." घामाने निथळणारी आई त्यांच्यासमोर आणायची मला लाज वाटली. दार पातळ आहे. तिने ऐकलंच असणार.

मंडळी गेल्यावर दार उघडलं. आई पदराने वारा घेत बसली होती. कुलर बंदच. वीज तर पाहुण्यांचा चहा होण्याआधीच आली होती.

"आई, कुलर काहून नाही लावला?"

"तू बंद केला होता ना. म्हटलं, काही कारण असंल. मी काहून हात लावू?"

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. राहा असं म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून मी तिला स्टेशनवर सोडलं.

मोठा जनरेटर घेणारच आहे, ताई. पण ती तशी बसली होती तेव्हा वीज होती गं.

हे पत्र आईला वाचून दाखव. मला समोर बसून सांगवणार नाही. आणि तुझ्या घरी कुलरचं बटण तिलाच दाबू दे.

आईला माझा नमस्कार सांग. तिने घेतला तर कळव.

तुझा धाकटा,
शेखर