फणसाच्या फळ्या, आंब्याचा पाट

१२ मार्च
आमच्या आणि शेजारच्या नंदूच्या भिंतींमधल्या बोळात माझ्या फणसाच्या फळ्या. मध्ये पट्ट्या, टोकांना मेण. तीन पावसाळे सुकवल्यात, बायकोच्या, सुधाच्या, देव्हाऱ्यासाठी. घरात जागा एकाच फळीला, ती पलंगाखाली. बोळ दोघांचा, म्हणून नंदू आज पुन्हा: "गुर्जी, ही लाकडं हायेत की घरजावई? हलतच नायत."

१४ मार्च
काल होळी. जाळ इतका निर्धूम, की मीच चारचौघांत म्हणालो, "लाकूड सुकं असावं तर असं." नंदू हसला.
सकाळी बोळ रिकामा. होळीच्या पोरांना बोळाचं दार नंदूनेच उघडून दिलं. "होळीला लाकूड चोरायचंच असतं, गुर्जी. परत मागत नाय कोण."
रीत खरी आहे. मागितलं नाही. माझ्याच देव्हाऱ्याला नारळ वाहून आलो म्हणायचं.
सुधाचे देव अजून फडताळातच.

६ एप्रिल
नंदू पेढे घेऊन. मुलीचं, वैशालीचं, लग्न मेमध्ये. कन्यादानाला दोन पाट हवेत, एक तिला, एक त्याला स्वतःला. "तुमच्याच हातचे."
आनंदाने हो म्हणालो. सुधाने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा आनंद ओळखू येतो.

१० एप्रिल
चौकच्या वखारीतून टेंपोने आंब्याचं लाकूड आणलं, कालच तोडलेलं. रंध्याखाली पाणी सुटतंय. ओल्या गोणपाटात ठेवलं तर लग्नापर्यंत सरळ राहील. मग होमाची धग लागली की वाकेल. नंदू कन्यादान करताना डुलेल. लोक म्हणतील, बाप गहिवरला.
आर्द्र म्हणजे ओलं. आर्द्र म्हणजे हळवंही. लाकूडकाम करणाऱ्याने दोन्ही टाळावं.

२९ एप्रिल
वैशाली आली. शाळेत असताना माझ्याकडे संस्कृतला यायची. द्विवचनाशी तिचं कधी जमलं नाही. म्हणाली, "काका, बाबांनी केलं ते मला पटलं नाय. माझा पाट कसाही करा. चांगलं लाकूड नका घालवू."
ती गेल्यावर पलंगाखालची फळी काढली. तिचा पाट फणसाचा. बापाचा आंब्याचाच.
आर्द्र झालो, पण निम्माच.

८ मे
दोन्ही पाटांना एकच रंग दिला होता, संशय नको म्हणून. नंदू न्यायला आला, दोन बगलांत दोन. "यातला पोरीचा कुठला?"
"उजवीकडचा."
तेवढ्यात सुधाने चहा आणला. त्याने पाट खाली ठेवले, चहा प्यायला, पुन्हा उचलले. कुठला कुठल्या बगलेत गेला, मी पाहिलं नाही. ओला वजनाला जड लागेल; पण मंडपात कुणाच्या बुडाखालचा पाट उचलून बघणार?
लग्न रविवारी. नंदूने आमच्यासाठी पुढच्या खुर्च्या राखल्यात, अगदी होमाजवळ.