गोरक्षची रेष आणि गंगेवरचा कावळा

नाशिक, रविवार

प्रिय सलाउद्दीनभाई,

तुम्हाला सलाम आणि खातूनभाभींना नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चाला म्हटलं असेल तर चाला, मालेगावच्या रस्त्यांना शिव्या देत खाटेवर बसू नका. माझी साखर वाढलीय, पण ती काही बातमी नव्हे. बातमी अशी की इथे गंगेवर, गोदेच्या घाटावर, आपल्या गोरक्षची दशक्रिया झाली. तुम्हाला येता आलं नाही ते एका परीने बरंच झालं, कारण माझी जी शोभा झाली ती बघायला एक माणूस तरी कमी होता.

सगळं माझ्याच डोक्यातून निघालं. सिंधुवहिनी म्हणाल्या होत्या, लोक विचारतात मालक कंपनीत काय करायचे, आणि मला 'अ‍ॅसिडमध्ये होते' एवढंच सांगता येतं. (ऐकणाऱ्याला वाटतं, संडास धुवायच्या बाटल्या भरत असेल.) मला राहवेना. नायट्रिक अ‍ॅसिड करताना आपल्या चिमणीतून नायट्रस ऑक्साइड निघायचा, तो हसवणारा वायू. नाव हसवणारा आणि करणी रडवणारी: तापवण्यात त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे पावणेतीनशे किलो, आणि एकदा वर गेला की शंभर वर्षं हलायचं नाव नाही, आगंतुक पाहुणा परवडला! वर्षानुवर्षं अ‍ॅसिड वाढत गेलं तशी देशातल्या कारखान्यांच्या या वायूची आलेखावरची रेषही चढत गेली. मग तो वायू मोडणारा उत्प्रेरक आला आणि आपल्याकडे तो गोरक्षने बसवला. प्लॅटिनमच्या जाळीखाली त्याचे थर तो स्वतःच्या हाताने पसरायचा, गच्चीवर कुरडया घालाव्यात तसे, आणि कुणी मदतीला आलं की हुसकून लावायचा. देशाच्या रेषेत आपला वाटा समुद्रातून तांब्याभर पाणी उपसण्याइतकाच, कबूल. पण तो तांब्या गोरक्षने उपसला, हे कुणाला तरी कळायला नको का?

म्हणून मी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्याच्या फोटोखाली आपल्या प्लांटची रेष छापायला दिली. जागा कमी, म्हणून चढाचा भाग गाळून फक्त उतार घेतला आणि खाली सालं टाकली. आता फ्लेक्सवाला समर्थ हा पोरगा मनाने सोन्यासारखा. हीच तर पंचाईत! गेलेल्या माणसाच्या फोटोखाली उतरती रेष त्याला अपशकुनी वाटली. मला न विचारता त्याने ती उलटवली. वर मला म्हणतो कसा, काका, प्रगती दिसली पाहिजे. तर घाटावर गोरक्ष हार घालून हसतोय, खाली 'यांच्या कार्यास विनम्र अभिवादन', आणि वायूची रेष सरसर वर चाललीय.

मी ते बघितलं, तोवर पिंड ठेवून झाले होते. पिंपळावर कावळे ढिगाने, पण शिवेल तर शपथ. (तुम्ही इतक्या दशक्रियांना आलात, तुम्हाला ठाऊकच आहे: गेलेल्याची इच्छा उरली असली की कावळा शिवत नाही, मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा.) पुतण्याने घराला रंग देतो म्हणून सांगितलं. जावयाने सिंधुवहिनींना काशीला नेतो म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. तेवढ्यात सिंधुवहिनी फ्लेक्सकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, हे वर काहून चाललं? हे तर म्हणायचे, लय खाली आणलं."

झालं! मी उठलो, फ्लेक्स सोडवला आणि घाईत खालचा वर केला. सलाउद्दीनभाई, आयुष्य प्रयोगशाळेत गेलं माझं, तरी तेव्हा सुचलं नाही की चढती रेष उलटी टांगली तरी चढतीच राहते. फक्त गोरक्ष शीर्षासनात गेला. गोरक्षची चुलती हंबरडा फोडून रडली, मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी तो पाठमोरा बांधला. उन्हातून आरपार दिसत होतं, रेष छान उतरत होती. (सालंही उलटी झाली, म्हणजे हिशेबाने चढच. पण हे कळणारे दोघेच, मी आणि तुम्ही.) आणि हात जोडून मी सगळ्यांदेखत ओरडलो, "गोरक्ष, रेष वर जाऊ देणार नाही, शब्द दिला!" त्यानंतर कावळा शिवला. लोकांनी हुश्श केलं आणि ते चपला शोधायला लागले.

घरी आलो, पण जेवण गेलं नाही. फार वाईट वाटतं हो. आयुष्यभर त्याने जे केलं ते नीट सांगायला एक दिवस मिळाला होता, आणि मी त्याला डोक्यावर उभा केला. उत्प्रेरकाच्या आधी आपण जे सोडलं ते अजून आपल्या डोक्यावर आहे. तो गेला, आपणही जाऊ, ते तेव्हाही असेल. आणि शब्द देणारा मी कोण, तर पेन्शनर; गेटवरचा वॉचमनसुद्धा मला आत सोडत नाही.

गुडघ्याला जपा.

तुमचा
दीपक

ता. क. : गोरक्षने घातलेला उत्प्रेरक आता थकलाय. प्लांटमधून कळलं की नवे मॅनेजर तो बदलायचं पुढे ढकलतायत. अ‍ॅसिड निघतंय ना, मग घाई काय, असं म्हणे. नवे मॅनेजर म्हणजे आपला फैजान. मी फोन केला तर "बघतो चाचा" म्हणाला. आपणही साहेबांना असंच म्हणायचो, त्यामुळे अर्थ मला समजतो. तो पोरगा काम शिकला गोरक्षच्या हाताखाली. माझं नाही, पण बापाचं ऐकेल. सांगाल?

पुन्हा ता. क. : वर कावळा शिवला असं लिहिलंय, तो गुरुजींनी शेवटी दर्भाचा केलेला कावळा. खरा पिंपळावरून हललाच नाही. मला वाटलं गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण निघताना सिंधुवहिनींनी एकदा वर झाडाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "भाऊ, तुम्ही शब्द दिला तो खरा ना?"